दोन कुलपांची माडी

सुवर्णानं चहाचा कप हात न लावताच पुढं सरकवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाण्याचा तांब्याही तिनं सकाळपासून दोनदा परत पाठवला होता. सातवा महिना लागलेली पोर, सोलापूरचं चैत्रातलं ऊन, मोहोळच्या पलीकडच्या खेड्यातनं जीपमध्ये कोंबून आणलेली, आणि पाणी नको म्हणते. पुरुषांना वाटत होतं, बाई लाजतेय. मी दुकानाच्या गादीवरनं उठून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं, जायचंय का? तिनं नुसती मान हलवली. डोळे भरून आले होते तिचे.

आता हिला न्यायचं कुठं? मी स्वतः रोज बांगडीवाल्या हमीदाबीकडे जायचे, दुकानामागंच तिचं घर. पण ती नेमकी त्या दिवशी लेकीकडे अक्कलकोटला गेलेली, दाराला टाळं. चौकातल्या सार्वजनिक जागेत पुरुषांची बाजू चालू होती आणि बायकांच्या बाजूला आत खराटे ठेवून बाहेरनं कडी लावलेली. एवढी मोठी बाजारपेठ, रोज गावोगावच्या बायका येणार, दिवसभर फिरणार, आणि त्यांच्यासाठी टीचभर जागा नाही. याबद्दल कुणी कधी बोलायचंही नाही. बायका घरनं निघतानाच पाणी पिणं बंद करायच्या, विषय संपला. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बस्त्याला मी दिवसभर ओठ चावून बसले होते. शालू कुठल्या रंगाचा घेतला ते मला घरी गेल्यावर कळलं.

मंगळवार पेठेतली आमची ही झंपर गल्ली. कधीकाळी इथं झंपराचे, म्हणजे पोलक्यांचे, तुकडे विकायला लोक बसायचे, त्यावरनं नाव पडलं. पण नावावर जाऊ नका. लग्नाला जे जे लागतं ते सगळं या एका गल्लीत. तोंडाशी पत्रिका छापणारा, त्याला लागून बँडवाले, मग हमीदाबीच्या बांगड्या, मुंडावळ्या-बाशिंगं, भांडी, फेटे बांधून देणारा, हळदीकुंकवाचे ढीग, आणि मधोमध आम्ही कापडवाले. एका टोकानं शिरलेला माणूस दुसऱ्या टोकानं अख्खं लग्न घेऊन बाहेर पडावा, अशी ती गल्ली.

हे सगळं खालचं सांगितलं. वर मात्र सगळं बंद. प्रत्येक दुकानावर माडी होती, चांगली सागवानी खिडक्यांची, नक्षीच्या कठड्यांची. पूर्वी मालक वरच राहायचे. मग एकेकानं जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत बंगले बांधले, घरं तिकडं गेली, आणि माड्यांना कुलपं लागली. कुणाची भावाभावांत अडकली, कुणाची भाडेकरूच्या भीतीनं तशीच पडली. खाली पाय ठेवायला जागा नाही आणि वर पारव्यांचं राज्य. हळूहळू गिऱ्हाईकही पातळ व्हायला लागलं. पुणे रोडला चार मजली नवं दुकान झालं, तिकडं लोक गाड्या घेऊन जायला लागले.

माझे सासरे गुरुबसप्पा उंबरजे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीसुद्धा. माझे यजमान कॉलेजात शिकवायचे, त्यांना कापडातलं सुती-रेशमीही कळायचं नाही, म्हणून लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मीच दुकानात बसायला लागले. गल्लीत गादीवर बसणारी पहिली बाई मी. सुरुवातीला लोक समोरनं उगीच दोन-दोन चकरा मारून बघून जायचे. मारू देत. मला ते काम आवडायचं. माणसं यायची, रुसायची, भांडायची, शेवटी एका साडीवर सगळ्यांचं एकमत व्हायचं आणि ते मी घडवून आणलेलं असायचं. यापेक्षा मोठं कारण मला सांगता येत नाही.

आणि तेच सगळं त्या वर्षी जायला निघालं होतं. एका बांधकामवाल्याला आमचं दुकान आणि शेजारचं माझ्या चुलतसासऱ्यांचं दुकान, दोन्ही माडीसकट हवी होती. पाडून गाड्या लावायचे मजले करणार होता. दोघा भावांनी मध्यस्थाकरवी होकार कळवला होता. मी अण्णांच्या मागं लागले, हात जोडले, रुसून बसले, तेव्हा कुठं म्हणाले, ठीक आहे, लग्नसराईचा हा हंगाम बघ. दुकान चालतंय असं दिसलं तर ठेवू. नाहीतर अक्षयतृतीयेला सह्या. हंगाम यथातथाच चालला होता. घाडग्यांचा हा बस्ता त्यातला सगळ्यात मोठा. दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं, मानपानाच्या, आहेराच्या सगळ्या साड्या एका जागी घ्यायच्या होत्या. हा बस्ता हातचा गेला की माझ्याकडं अण्णांना दाखवायला काही उरणार नव्हतं.

आणि तो जायलाच लागला. सुवर्णा नवऱ्यामुलाची थोरली बहीण, तिचा मान मोठा. तिचं काय बिनसलंय ते मुलाच्या मामांना, नामदेवमामांना, कुणीतरी सांगितलं. ते धोतराचा सोगा झटकत उभे राहिले.

"घाडगे, पोरीला तरास होतोय. पुणे रोडच्या दुकानात बायकांची समदी सोय हाय म्हणत्यात. गार हवाबी हाय. तिकडं जाऊ. कापड काय, कुठंबी मिळतंय."

घाडगे नवरीमुलीचे वडील, ते काय बोलणार. त्यांनी ओशाळून अण्णांकडं बघितलं. अण्णा गजानं खणाचं कापड मोजत होते. लोखंडी गज, त्यांच्या वडिलांच्या हातचा. बाजूला काढून ठेवलेल्या साड्यांची चळत निम्मीच भरली होती. बायका पिशव्या उचलायला लागल्या. आणि मी बोलून गेले.

"कशाला ओ मामा एवढ्या उन्हात? वर आमची माडी आहे की. बस्त्याचीच माडी. बायकांची सगळी सोय आहे वर. दहा मिनिटं द्या, नुसतं झाडून घेते."

अण्णांचा गज कापडावर तसाच थांबला.

कारण त्या माडीवर मी तोवर एकदाही गेले नव्हते. घरातल्या पोरांनी ती कधी बघितलीही नव्हती. आमचं आणि काकांचं, म्हणजे चुलतसासऱ्यांचं, दुकान खाली वेगवेगळं, पण माडी दोन्हीवर मिळून एकच, आणि जिनाही मधला एकच. आजेसासऱ्यांच्या काळात बस्ते वरच व्हायचे. पांढऱ्या गाद्या, तक्के, मागच्या बाजूला मोरी आणि संडास, बायकांना पाठ टेकायला वेगळी खोली. म्हातारबाबा गेले आणि वाटण्या झाल्या. खालची दुकानं वाटली गेली, मालसुद्धा वाटला गेला. शालू-पैठण्या थोरल्याच्या, इरकल आणि लुगडी धाकट्याची. एकानं दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही. माडी काही वाटता येईना, कारण जिना दोन कसे करणार? त्यावरनं दोघांत जे व्हायला नको ते झालं, एकमेकांच्या तोंडावर नको ते बोलले. शेवटी पेठेतल्या पंचांनी सांगितलं, दाराला दोघांनी आपापलं कुलूप घाला. दोघं मिळून याल तेव्हा उघडेल. आणि जो दुसऱ्याच्या कुलपाला हात लावेल त्याचा माडीवरचा हक्क गेला. आमच्याकडं पंचांचा शब्द म्हणजे कोर्टाच्या वरचा.

तेव्हापासून एक तप उलटून गेलं होतं. दोघं भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना बसायचे, खोकल्यावरनं कोण आलाय कोण गेलाय कळायचं, पण बोलणं बंद. अण्णा रोज सकाळी दुकान उघडलं की उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे, उदबत्ती लावायचे आणि मग एकटेच जिना चढून जायचे. वर आपलं कुलूप एकदा ओढून बघायचे आणि खाली यायचे. तो खडाक आवाज खाली ऐकू यायचा. मला त्याचा राग यायचा. एवढा कसला संशय, की रोज जाऊन ओढून बघावं? खंडेनवमीला ते कुलपाला भस्म लावून यायचे. ते उतरले की थोड्या वेळानं काका चढायचे, आपल्या कुलपाला लावायला.

पाहुण्यांना ताक मागवलं आणि मी आत कपाटाआड गेले. अण्णा मागनं आले.

"कुणाला विचारून बोललीस?"

मी म्हणलं, विचारायला वेळ कुठं होता? ते गेले तर आजच सह्या केल्यासारखं आहे, अण्णा. बाहेर नामदेवमामांचा आवाज चढत होता. मग अण्णांनी कोपरीच्या आतल्या खिशात हात घातला आणि किल्ली काढली. घासून घासून गुळगुळीत झाली होती. ती माझ्या हातावर ठेवली.

"माझं उघड," ते म्हणाले. "त्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. त्याची किल्ली त्यानं दिली तरच."

म्हणजे चेंडू माझ्याकडं. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेजारच्या दुकानात गेले. लग्न झाल्यापासनं मी त्या पायरीला पाय लावला नव्हता. माझं लग्न भांडणानंतरचं, काकांना मी नमस्कारसुद्धा केलेला नव्हता. रेवणकाका पंख्याखाली एकटेच बसले होते. दुकान रिकामं. भिंतीवर इरकली लुगड्यांच्या घड्या, काठ बाहेर काढून लावलेल्या. मी वाकून पाया पडले तेव्हा ते इतके गडबडले की चष्मा कपाळावरच राहिला आणि तो गादीवर चाचपून शोधायला लागले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी किल्लीचं सोडून बाकी सगळं विचारलं. बस्ता कुठला, घाडगे म्हणजे कुठले घाडगे, पोरीला कितवा महिना, पोटात काही गेलंय का सकाळपासनं. माझा जीव वरखाली होतोय आणि हे आपले चौकशा करतायत. शेवटी मीच म्हणलं, काका, किल्ली देताय ना?

"किल्ली नाही माझ्याकडं," ते म्हणाले.

"हरवली का?"

"हरवली नाही. माझ्याकडं नाही."

मी अण्णांची किल्ली पुढं केली. म्हणलं, बघा, त्यांनी दिली. काकांनी ती हातात घेतली नाही, पण बराच वेळ बघत राहिले.

"त्यानं दिली? आपल्या हातानं?"

"हो."

"मग जा की वर," ते म्हणाले. "इथं काय थांबलीस? बाई खोळंबलीय तिकडं."

"पण काका, तुमचं कुलूप..."

"जा म्हणतोय ना."

आणि तोंड फिरवून लुगड्यांच्या घड्या सारख्या करायला लागले. संताप झाला माझा. मला वाटलं, म्हातारा बेरकी आहे. किल्ली द्यायची नाही आणि वर जा म्हणायचं. म्हणजे मी जाऊन कुलूप तोडावं, पंचांच्या शब्दाप्रमाणं अण्णांचा हक्क जावा, आणि बांधकामवाल्याचे माडीचे पैसे एकट्याच्या खिशात. दुकानात परत आले तर सुवर्णा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली, चेहरा पांढराफटक. तिच्याकडं बघितलं आणि माझं ठरलं. हक्क जाऊ दे नाहीतर राहू दे, एका पोटुश्या पोरीला असं बसवून ठेवणारी माडी कुणाच्या बापाची असून काय करायचीय. अण्णा गिऱ्हाइकांकडं तोंड करून होते. मी त्यांच्या मागनं लोखंडी गज उचलला, दुसऱ्या हातात खराटा घेतला आणि जिना चढले.

जिन्यात अंधार, जळमटं, पारव्यांच्या विष्ठेचा वास. वर दाराला एकाखाली एक दोन कड्या, दोन कुलपं. वरचं अण्णांचं, तेल घातलेलं, चकचकीत. किल्ली फिरवली, लगेच उघडलं. खालचं काकांचं. त्यावर भस्माचे थर चढले होते, वर्षावर्षाचे. मी गजाचं टोक कुलपाच्या कडीत घालायला म्हणून ते कुलूप हातानं जरा वळवलं.

ते फिरलं. नुसतं फिरलं. कुलपाची कडी आत दाबलेलीच नव्हती. कोयंड्यात कुलूप नुसतं अडकवून ठेवलेलं होतं.

मी तशीच उभी राहिले. गज हातात, कुलूप हातात. मग ते काढलं, कडी सोडली आणि दार ढकललं. आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला म्हातारबाबांचा फोटो होता, धुळीनं माखलेला. त्याच्या खुंटीला सुतळीत बांधलेली एक किल्ली लटकत होती. मी ती काकांच्या कुलपाला लावून बघितली. त्याचीच होती. म्हणजे दार लावायच्या आधीच काकांनी किल्ली आत ठेवली होती, आणि बाहेर सगळ्या पंचांसमोर नुसतं कुलूप अडकवलं होतं. त्यांना ते कधी लावायचंच नव्हतं. भावानं एकदा हात लावून बघावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि हात लावायचा नाही, असा पंचांचा शब्द.

रडायला वेळ नव्हता. खिडक्या उघडल्या, पारवे फडफडत बाहेर गेले, मागची मोरी आणि संडास खराट्यानं घासून काढले. दुकानातल्या गड्यानं चार घागरी पाणी वर आणून दिलं. मी सुवर्णाला हात धरून वर नेलं. ती बाहेर आली तेव्हा आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि मग हसली. सकाळपासनं पहिल्यांदा. तिच्या मागनं बाकीच्या बायका एकेक करून वर यायला लागल्या. सगळ्या सकाळपासनं तशाच बसल्या होत्या, एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. थोड्या वेळानं ज्या वर गेल्या त्या खाली येईनात. खिडकीतनं वारा येत होता. मी गाद्या झटकल्या, वर स्वच्छ चादरी अंथरल्या आणि गड्याला सांगितलं, साड्यांची चळत वर आण. बस्ता वर हलला.

त्या खिडकीत उभं राहून मी आमची गल्ली पहिल्यांदा वरनं बघितली. इतकी वर्षं त्या गल्लीत बसून मला तिची धूळ आणि गर्दीच दिसायची. वरनं बघितलं तर बँडवाले सनईवर एक नवं गाणं बसवत होते, फेटेवाला एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधत होता आणि त्याची सून त्याला हसत होती. एक पोरगी हातभर हिरव्या बांगड्या भरून त्या कानाशी वाजवून बघत होती. केवढी गंमत होती त्या गल्लीत, आणि बसून बघायला जागा म्हणून कुणी ठेवली नव्हती. समोरच्या ओळीतल्या सगळ्या माड्या बंद. शेजारी नवऱ्यामुलाची आजी येऊन उभी राहिली. तिला इरकल हवं होतं, आणि आमच्याकडं इरकल नाही हे ऐकल्यापासनं ती फुगून बसलेली. तिनं खिडकीतनं खाली वाकून काकांच्या दुकानाकडं हाक मारली.

"ओ दुकानदार, इरकल हाय का? निळं, लाल काठाचं?"

काका पायरीवर आले. हात कपाळाशी धरून वर बघितलं. उघड्या खिडक्या, खिडक्यांत बायका, पडद्यासारख्या लोंबणाऱ्या साड्या. ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. आजीनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, आहे की, घेऊन येतो.

आज गल्लीत या टोकापासनं त्या टोकापर्यंत माड्या उघड्या आहेत. एका माडीवर खानावळ आहे, एकीवर बँडवाल्यांची तालीम, हमीदाबीच्या नातीचं मेंदीचं दुकान वरच आहे. प्रत्येक माडीवर बायकांची सोय आहे, आणि दारावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही आहे. बाहेरगावची मंडळी येतात, फोटो काढतात, विचारतात हे कुणी सुरू केलं. मी म्हणते, एका पोरीनं पाणी नको म्हणून सांगितलं, तिनं. बांधकामवाला दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा यायचा थांबला. हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं एक राहिलंय, ते सांगते.

आजीची हाक ऐकून असेल किंवा वरचा गलका ऐकून, अण्णा जिना चढून आले. रोज सकाळी यायचे तसेच, एकेक पायरी मोजल्यासारखे. दाराशी येऊन थांबले. त्यांचं कुलूप उघडं लटकत होतं, आणि खालच्या कोयंड्यात मी काकांचं कुलूप परत अडकवून ठेवलं होतं. मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. पण त्यांनीच विचारलं.

"किल्ली दिली त्यानं?"

"नाही," मी म्हणलं. "किल्ली लागलीच नाही, अण्णा. नुसतं अडकवलेलं होतं."

त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतेय. त्यांनी कुलूप काढून हातात घेतलं. अंगठ्यानं भस्माचे थर पुसले. कडी दाबली तर खटकन बसली. चांगलं होतं कुलूप, बिघडलेलं नव्हतं. मी खुंटीवरची किल्ली आणून त्यांना दिली. ती कुठं होती तेही सांगितलं. त्यांनी एकदा किल्लीकडं बघितलं, एकदा वडलांच्या फोटोकडं, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर खाली बसले. त्यांना असं पायरीवर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, "मी रोज वर यायचो, महानंदा."

"माहितेय की."

"माझं ओढून बघायचो." त्यांनी कुलूप-किल्ली मांडीवर ठेवली. "रोज. शेजारीच तर होतं त्याचं."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण सासरे ते, हात पुढं होईना. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काका वर येत होते. दोन्ही हातांवर इरकली लुगड्यांचा हनुवटीपर्यंत आलेला गठ्ठा, म्हणून पुढचं नीट दिसत नव्हतं. जिना अरुंद, आणि वर अण्णा पायरी अडवून बसलेले, मांडीवर कुलूप आणि किल्ली. काका त्यांच्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबले. गठ्ठ्याच्या बाजूनं मान वाकडी करून त्यांनी अण्णांकडं बघितलं, मग मांडीवरच्या कुलपाकडं.

आत बायकांची बोलणी थांबली होती.

"सरक की अण्णा," काका म्हणाले. "हात भरून आलेत माझे."

अण्णा भिंतीच्या बाजूला सरकले. मग हात वर करून त्यांनी त्यातली निम्मी लुगडी आपल्या मांडीवर घेतली.